‘बोलेल नंतर’ म्हणून वाट पाहू नका

मूल दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकत नाही. दोन वर्षांचे झाले तरी ‘आई’ म्हणत नाही. अशा वेळी वस्तीत पहिले वाक्य ठरलेले असते, “त्याचा बापही उशिराच बोलला होता.” दुसरे वाक्य, “मुलगे जरा मागूनच बोलतात.” पुष्कळदा ते मूल खरेच मागून बोलते आणि सगळे विसरून जातात. पण काही मुलांच्या बाबतीत ते ‘मागून’ येतच नाही. मूल पाच-सहा वर्षांचे होते, शाळेत बाई तक्रार करतात आणि मग घरचे दवाखान्यात धावतात. तोवर सर्वांत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

म्हणून या वेळी आम्ही लहान मुलांच्या विकासातील विलंबाबद्दल लिहीत आहोत. तो ओळखायचा कसा, आणि नाशिकमध्ये मदत कुठे मिळते, हे दोन्ही.

घाई कशासाठी?

मेंदूची सर्वांत झपाट्याने वाढ पहिल्या तीन वर्षांत होते. या काळात मूल जे पाहते, ऐकते, हाताळते, त्यातून मेंदूतील जोडण्या तयार होतात. अडचण याच काळात लक्षात आली तर व्यायाम, बोलण्याचा सराव, श्रवणयंत्र यांचा उपयोग अधिक होतो.

दोन उदाहरणे पाहा. काही बाळांत जन्मतः थायरॉईडचे प्रमाण कमी असते. पहिल्या काही आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली तर बहुतेक बाळांची बुद्धी नीट वाढते. उशीर झाला तर झालेले नुकसान भरून निघणे कठीण. दुसरे ऐकण्याचे. बाळाला ऐकू येत नसेल तर ते बोलणार कसे? जगभरचे तज्ज्ञ सांगतात की कानाची पहिली तपासणी महिन्याच्या आत, पक्के निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत. आपल्याकडे ‘मुका आहे’ असा शिक्का बसतो आणि कान तपासायचे राहूनच जातात.

कोणत्या वयात काय पाहायचे?

अंगणवाडीत वजन होते, पण वजन वाढले म्हणजे विकास झाला असे नाही. मान धरणे, बसणे, चालणे ही हालचाल, हाताने वस्तू पकडणे, ऐकणे-बोलणे, आणि माणसे ओळखून त्यांच्यात रमणे, या चारही गोष्टी पाहाव्या लागतात. प्रत्येक मुलाचा वेग थोडा वेगळा असतो. पण खालील वय उलटले आणि गोष्ट जमत नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

• ३ महिने – आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, हसत नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही.
• ५ महिने – मान धरत नाही.
• ७ महिने – आवाजाच्या दिशेने वळत नाही, खुळखुळा धरायला हात पुढे करत नाही.
• १० महिने – आधाराशिवाय बसत नाही, ‘बाबा’, ‘दादा’ असे आवाज काढत नाही.
• १ वर्ष – धरूनही उभे राहत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही.
• दीड वर्ष – चालत नाही, अर्थाचा एकही शब्द बोलत नाही, हवे ते बोटाने दाखवत नाही.
• २ वर्षे – ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, साधी सूचना समजत नाही.
• ३ वर्षे – छोटी वाक्ये बोलत नाही, इतर मुलांकडे पाहतही नाही, तासन्‌तास एकच कृती करत बसते.

आणि काही लक्षणे अशी की त्यांना वय नाही. आधी येत असलेले शब्द किंवा चालणे बंद होणे, फिट येणे, अंग फार ताठ किंवा फार ढिले असणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, बुबुळात पांढरेपणा दिसणे. यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. फिट आली तर त्याच दिवशी.

बाळ जन्मल्यावर लवकर रडले नाही, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होते, काचेच्या पेटीत ठेवावे लागले, कावीळ फार वाढली, किंवा आई-वडील जवळच्या नात्यातले आहेत, तर अशा बाळावर जास्त लक्ष ठेवा. दिवस पूर्ण होण्याआधी झालेल्या बाळाचे वय मोजताना, दोन वर्षांपर्यंत, जेवढे दिवस आधी झाले तेवढे वजा करायचे. दोन महिने आधी झालेले बाळ सहा महिन्यांचे असेल, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची.

नाशिकमध्ये जायचे कुठे?

पहिली पायरी घरातच आहे. गरोदरपणी मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड काढा. लसीच्या तारखांसाठीच आपण ते उघडतो; पण त्यात वयानुसार मुलाने काय करावे याची चित्रेही असतात. वाचता न येणाऱ्या आजीलाही ती समजतात.

दुसरी पायरी, अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. शंका स्पष्ट शब्दांत सांगा, “बाळ हाकेला वळत नाही, तपासून घ्यायचे आहे.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी ते पाहते. तपासणीचा दिवस आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला हमखास न्या. कामावर जाताना मुलाला शेजारी ठेवणाऱ्या आयांची मुले नेमकी त्याच दिवशी राहून जातात.

तिसरी पायरी, त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय, आपले सिव्हिल. पथक मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. दवाखान्यात त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान व बोलण्याची तपासणी, डोळे, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे सारे एका जागी आणि मोफत मिळावे, अशी या केंद्राची रचना आहे. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका. थेट सिव्हिलच्या बालरोग विभागात केसपेपर काढा आणि “मुलाच्या विकासाची तपासणी करायची आहे” असे सांगा. सोबत कार्ड, प्रसूतीचे कागद आणि आधार कार्ड ठेवा. संबंधित तज्ज्ञ त्या दिवशी नसतील तर पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.

एक गैरसमज दूर करायला हवा. उपचार सुरू करण्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. आजाराचे नाव पक्के होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. मान धरत नसेल तर मानेचे व्यायाम आजच सुरू होऊ शकतात.

घरी काय करावे?

आठवड्यातून एकदा केंद्रात अर्धा तास मिळेल. उरलेला सगळा वेळ मूल घरीच असते. म्हणून तिथे शिकवलेला व्यायाम घरी रोज करणे हाच खरा उपचार. एका खोलीच्या घरातही तो होतो. भांडी घासताना मुलाशी बोला, “ही वाटी, हा तांब्या.” आंघोळ घालताना नाक, कान, हात दाखवा. पाळणा म्हणा, भीमगीत म्हणा, टाळ्या वाजवा. मूल एक आवाज काढेल तेव्हा थांबून त्याला उत्तर द्या. खाली सतरंजीवर मोकळे सोडा, सतत कडेवर नको. महागडी खेळणी लागत नाहीत. डबे, झाकणे, चमचे पुरतात.

मोबाईल मात्र दूर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की वर्षाच्या आतील बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाभराहून अधिक नको. मूल मोबाईलकडे बघून गप्प बसते हे खरे, पण बोलायला शिकते ते माणसांकडून.

दोष कुणाचा?

मुलात काही कमी दिसले की बोट आईकडे जाते. ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचे पाप. यातले एकही कारण खरे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे, तो अशाच छळातून माणूस सुटावा म्हणून. धम्म स्वीकारलेल्या घरात ताईत-दोऱ्यात सहा महिने जाणे आणि सुनेला बोल लावणे, दोन्ही बंद व्हायला हवे. आणि दर खेपेला आईनेच धुण्याभांड्याची कामे बुडवून दवाखान्यात का जायचे? एक खेप वडिलांची, एक आजोबांची, अशी वाटणी करा. खेपा मध्येच सुटतात त्या बहुधा मजुरी बुडते म्हणून.

हक्क माहीत असू द्या

१९७७ साली रजनीताई लिमये या शिक्षिकेने नाशिकमध्ये बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘प्रबोधिनी’चे काम सुरू केले. त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. तेव्हा ना तपासणी पथके होती, ना दिव्यांगांचा कायदा. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे आणि ठरलेल्या टक्केवारीपुढील दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे गरज पडली तर यूडीआयडी कार्ड काढावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

विहारात एवढे करू या

गंजमाळच्या भीमवाडीपासून पेठ रोडच्या फुलेनगरपर्यंत प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा. तीन वर्षांखालील मुलांच्या आयांना कार्ड घेऊन बोलवा, अंगणवाडीताईंना निमंत्रण द्या आणि वरची यादी मोठ्याने वाचा. ज्या मुलाबद्दल शंका येईल त्याचे नाव चारचौघांत घेऊ नका. आईला बाजूला बसवून सांगा आणि सिव्हिलला जायचा दिवस तिथेच ठरवा. सोबत मंडळातील एक बाई जाऊ द्या. तपासणीत मूल ठीक निघाले तर एक दिवस गेला, एवढेच. नाही निघाले, तर त्याची पुढची वर्षे हाती लागली.