दीडशेचा आकडा आणि अक्कलकोटची हवा

दोन गावं घ्या. दोन्हींचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजेच एक्यूआय, आज १५० आहे. मग दोन्हीकडची हवा सारखीच म्हणायची का? पहिल्या गावात दर घनमीटर हवेत १७५ मायक्रोग्रॅम पीएम १० आहे, म्हणजे रस्त्याची, खाणीची, मातीची जाडसर धूळ. दुसऱ्या गावात ७५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे, म्हणजे धुरातले अतिसूक्ष्म कण. आपल्या देशाच्या सूत्रात दोन्हींचं उत्तर १५०च येतं. पण पहिल्या गावाला रस्त्यांच्या कडा पक्क्या करायला हव्यात आणि दुसऱ्याला धूर आवरायला हवा. आकडा जुळला तरी दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

सोलापूर जिल्ह्यात हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. वर्षानुवर्षं हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या त्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत आणि सोलापूर त्यांपैकी एक. तिथून अक्कलकोट जेमतेम चाळीस किलोमीटर. वारा तालुक्याच्या हद्दी पाळत नाही.

आठ घटक, एक आकडा

भारताचा एक्यूआय ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झाला आणि एप्रिल २०१५ पासून वापरात आला. त्यात आठ घटक धरतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात. त्यांची सरासरी धरत नाहीत. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, तोच त्या केंद्राचा एक्यूआय. किमान तीन घटकांची मोजणी लागते आणि त्यांत दोनपैकी एक तरी पीएम असावाच लागतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा सहा पायऱ्या आहेत.

आता हे घटक आपल्याच परिसरात शोधू. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. गुरुवारी, पौर्णिमेला, स्वामी समर्थांच्या प्रकटदिनाला अक्कलकोटला गाड्यांची रीघ लागते, तेव्हा कच्च्या साइडपट्टीवरून उडणारा फुफाटा हा त्याचाच भाग. उन्हाळ्यात नांगरलेलं काळं रान, खडी क्रशर आणि बांधकामं त्यात भर घालतात. हे कण बरेचसे नाका-घशात अडकतात. पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांतले अतिबारीक कण रक्तातही उतरतात. ते येतात चुलीतून, वीटभट्टीतून, डिझेलच्या धुरातून, पेटवलेल्या कचऱ्यातून आणि ऊस गेल्यावर फडात जाळलेल्या पाचटातून.

सल्फर डायऑक्साइड मुख्यतः कोळशाचा. दक्षिण सोलापुरातल्या फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, त्यामुळे या घटकाकडे आपल्याला लक्ष ठेवावंच लागेल. नायट्रोजन डायऑक्साइड इंजिनांतून आणि भट्ट्यांतून येतो. कार्बन मोनॉक्साइड अर्धवट जळण्यातून तयार होतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणं म्हणूनच जिवावर बेततं. अमोनिया युरिया आणि शेणामुतातून येतो. ओझोन तर कुठल्याच धुराड्यातून थेट निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि इतर वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. शिशाची गोष्ट आशा देणारी आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि वाहनांमधून हवेत मिसळणाऱ्या शिशाचा मोठा उगम बंद झाला. धोरण नेटाने राबवलं की हवा सुधारते, याचा हा पुरावा आहे.

मोजतात कसं

जुन्या पद्धतीत पंपाने हवा ओढून काचतंतूंच्या गाळणकागदातून नेतात. कोरा कागद आधी वजन करून ठेवलेला असतो. काढताना तो राखाडी, कधी काळपट झालेला दिसतो. त्याचं पुन्हा वजन करायचं, फरकाला खेचलेल्या हवेच्या घनफळाने भागायचं, की धुळीचं प्रमाण मिळतं. हे आठवड्यातून दोनदा, वर्षात १०४ दिवस करायचं असा दंडक आहे. आता शहरांमध्ये चोवीस तास चालणारी स्वयंचलित केंद्रं आली आहेत. पण ती महाग आणि देखभालीला जड, त्यामुळे तालुक्याच्या गावांत सहसा नसतात. अशा गावाच्या नावापुढे मोबाइलवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा उपग्रह, संगणकी अंदाज किंवा दूरच्या केंद्रावरून काढलेला असतो.

तुलना करताना

सारख्या आकड्याने होते ती पहिली फसगत, दुसरी फसगत मोजपट्टीची. हवेत पीएम २.५ चं प्रमाण ६० असेल, तर भारतीय एक्यूआय १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकेच्या २०२४ च्या सुधारित मोजपट्टीवर तीच हवा १५४ च्या आसपास जाते आणि आरोग्याला घातक ठरते. हवा तीच, अॅप कोणती मोजपट्टी वापरतं, त्यावर रंग बदलतो. पीएम २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती अवघी ५ सुचवली. म्हणून दोन शहरं ताडून पाहताना एक्यूआयऐवजी मूळ मायक्रोग्रॅम पाहावेत.

ऋतूही सारखा हवा. मुंबईला खारा वारा हवा हलती ठेवतो, आपल्या पठाराला ती सोय नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि धूर खालीच कोंडतो. जुलैतलं एक शहर आणि डिसेंबरातलं दुसरं, ही तुलनाच नव्हे. शिवाय दिल्लीचा आकडा चाळिसेक केंद्रांची सरासरी असतो. मोजकी केंद्रं असलेल्या शहराचा आकडा त्या केंद्रांच्या आसपासचंच सांगतो.

दिवाळीत हे सगळं एका रात्रीत पाहायला मिळतं. फटाक्यांतून सल्फर डायऑक्साइड, सूक्ष्म कण आणि बेरियमसारखे धातू बाहेर पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांतून कण कमी निघतात, पण निघतातच.

मग अक्कलकोटने काय करावं? श्वसनविकारांचे रुग्ण आणि लहान मुलं रोज या हवेत असतात आणि राज्यभरातून भाविक इथे येतात, हे लक्षात घेऊन इथे मोजणी केंद्राची मागणी ठामपणे व्हायला हवी. साइडपट्ट्या पक्क्या करणं, झाडण्याआधी पाणी शिंपडणं, कचरा न पेटवणं आणि पाचट न जाळता कुट्टी करून सरीत गाडणं ही कामं तर केंद्राची वाट न पाहता करता येतील. पाचट कुजून रानाला सेंद्रिय खत मिळतं, हा शेतकऱ्याचा रोकडा फायदा. केंद्र आल्यावर रोज दोनच गोष्टी विचाराव्यात: आज कोणता घटक वरचढ आहे आणि तो कुठून आला. या दोन उत्तरांवर काम झालं, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.