गाणं एक, झिंगाट दोन

पाहणाऱ्याची जागा : भाग ६

गेल्या भागापर्यंत आपण चौकटीच्या आत होतो. उजेड कुठून येतो, कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, शॉट किती वेळ टिकतो, हे पाहत होतो. आज चौकटीबाहेर येऊ. पडद्यासमोर कोण बसलंय असं चित्रं बनवणाऱ्या मंडळींनी धरून चाललंय?

धरून चालण्यावाचून त्यांना इलाज नसतो. नाटकातल्या नटाला तिसऱ्या रांगेतला खोकला ऐकू येतो आणि तो पुढचं वाक्य सावरून घेतो. सिनेमा करणारा, गाण्याचा व्हिडिओ कापणारा आणि बातम्यांच्या वेबसाइटचं पान लावणारा, या तिघांना समोरचा माणूस कधीच दिसत नाही. तो कुठे बसला असेल, त्याला किती धीर असेल, त्याला काय आधीपासून ठाऊक असेल, याचा अंदाज त्यांना आधीच बांधावा लागतो. आपण ज्याला दृश्यशैली म्हणतो, तिच्यातला मोठा भाग म्हणजे हा अंदाज. तो उलगडून पाहायला एक सोपं उदाहरण हाताशी आहे, कारण तिथे गाणं तेच राहिलं आणि प्रेक्षक बदलला.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी आला. त्याचं हिंदी रूप ‘धडक’ जुलै 2018 मध्ये आलं, दिग्दर्शक शशांक खेतान. दोन्हीत अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ आहे. चाल तीच, ठेका तोच, हिंदीत शब्द नवे. आवाज बंद करून दोन्ही गाणी लागोपाठ पाहा. हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण आवाज बंद असला तरी पाय थांबत नाहीत.

‘सैराट’मधल्या झिंगाटमध्ये नाचणारे नर्तक वाटत नाहीत. अंगावर घरचेच शर्ट, हात कुठेही, पाय कुठेही. गावातल्या वरातीत डीजेपुढे पोरं नाचतात तसाच नाच. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा त्या घोळक्यातलाच एक झालेला असतो. नायक परशा त्या गर्दीत कधी पुढे येतो, कधी हरवतो. नायकाभोवती जागा मोकळी करून द्यायची असते, हे त्या गर्दीला कुणी सांगितलेलंच नाही. या चित्रणाने ज्याला समोर बसवलंय, तो प्रेक्षक हा नाच स्वतः नाचलेला आहे. त्याला नाच दाखवायचा नसून त्याला त्यात ओढायचं आहे. आणि तो ओढला गेलाच. थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

‘धडक’मधल्या झिंगाटची नृत्यरचना फराह खान यांची. इथे थाट हवेलीचा, रंग एकमेकांशी जुळवलेले, पावलं एका वेळी पडणारी. जान्हवी कपूर यांचा हा पहिलाच सिनेमा. त्यामुळे कॅमेऱ्यावर आणखी एक काम पडलेलं आहे, नव्या नायिकेची ओळख करून देण्याचं. ती चौकटीच्या मध्यावर येते आणि बाकीचे तिच्याभोवती आरास होतात. समोरच्या प्रेक्षकाला हे गाणं आधीच पाठ आहे असं इथे गृहीत आहे. तो नाचायला आलेला नाही, ‘यांनी कसं केलंय बघू’ म्हणून आलाय.

‘धडक’ची टिंगल करणं फार सोपं आहे, आणि आपल्याकडे ती भरपूर झालीही. मला ती थोडी अन्यायाची वाटते. देशभरच्या मल्टिप्लेक्समधला प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून कुणी चकचकीत नाच बसवला, तर त्यात फसवणूक काही नाही. खरी अडचण पुढे येते. ‘सैराट’मध्ये नायिका आर्ची पाटलाची मुलगी आणि परशा मासेमारी करणाऱ्या घरातला, हे अंतर प्रत्येक चौकटीत कुणाचं घर किती उंच, कुणाच्या दारात कोण कुठे उभं, यावरून दिसत राहतं. ‘धडक’च्या उदयपूरमधल्या गोष्टीत जात एखाद्या वाक्यापुरती उरली आणि श्रीमंती-गरिबी व राजकारण पुढे आलं. मग एवढं जिवावर का उठायचं, हे चित्रांनी सांगायचं राहून गेलं.

मूळ ‘सैराट’ची शैली मात्र एवढी साधी नाही. त्यात दोन सिनेमे आहेत, आणि पहिला दुसऱ्यासाठी प्रेक्षक तयार करतो. पूर्वार्धात लोकप्रिय सिनेमाची सगळी आयुधं आहेत : स्लो मोशन, सोनेरी उन्हं, विहिरीतल्या उड्या, उसाच्या कडेने पळणारा नायक, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद. प्रेमात पडलेल्या पोराला जग जसं दिसतं, तसंच ते पडद्यावर दिसतं. मंजुळे यांनी एकच गोष्ट उलटी केली आहे, पण ती मोठी आहे. बघणारी आर्ची आहे. वर्गात ती टक लावून बघते आणि खाली मान घालतो तो परशा. बुलेट ती चालवते, ट्रॅक्टरही ती. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये मांडलं होतं की लोकप्रिय सिनेमात कॅमेऱ्याची नजर पुरुषाची असते आणि बाई बघितली जाण्यासाठी असते. त्या मांडणीवर वर्गात चर्चा घ्यायची असेल, तर आर्चीच्या त्या टक लावून बघण्याइतकं चांगलं उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही.

या गोडव्याच्या मधोमध एक थप्पड वाजते. नवे शिक्षक दलित साहित्याबद्दल शिकवत असतात, आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गातच फोनवर बोलतो, शिक्षक हटकतात आणि तो त्यांच्या कानाखाली मारतो. या दृश्याला वेगळा प्रकाश नाही, वेगळं संगीत नाही. गाण्यांच्या नादात असलेला प्रेक्षक ते पाहून पुढे जातो. पुढे जाणार हे दिग्दर्शकाला माहीत आहे.

मग दोघं पळतात, हैदराबादला पोहोचतात, आणि सिनेमा रंग पालटतो. गाणी संपलेली असतात. झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, भांडणं. उजेड दुपारचा, कोरडा. ज्यांना पूर्वार्ध आवडला त्यातले कित्येक म्हणतात, ‘नंतर जरा ताणलाय.’ ताणलाय खरा. संसार असाच ताणलेला असतो, आणि स्लो मोशन त्यात कुणी लावून देत नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतला जातो. दोघांचा खून झालेला असतो; शेजारणीच्या हातून सुटलेलं त्यांचं मूल घरात येतं, आणि रक्तात उमटलेली इवली पावलं मागे ठेवत बाहेर पडतं. ज्या थिएटरात तासाभरापूर्वी लोक नाचत होते, तिथे आता पंख्याचा आवाज ऐकू येतो. ती शांतता झिंगाटशिवाय इतकी जड झाली नसती. म्हणून ‘गाणी काढली असती तर गंभीर सिनेमा झाला असता’ हे मत मला मुळीच पटत नाही.

गंभीर, गाण्यांवर न विसंबणारा सिनेमा मंजुळे यांनी त्याआधी करून दाखवला होता. ‘फँड्री’मध्ये प्रेक्षकाबद्दलचा अंदाज वेगळा, आणि अधिक कठोर. शेवटच्या भागात नायक जब्याचं कुटुंब डुकरं पकडतंय आणि गावातली माणसं, शाळेतली पोरं बांधावर बसून मजा बघताहेत. सामना चालू असल्यासारखी हसताहेत, ओरडताहेत, आणि जिच्यावर जब्याचा जीव आहे ती शालूही त्यांच्यातच. कॅमेरा कितीतरी वेळा त्या बघ्यांच्या बाजूला असतो. आपणही पैसे देऊन तेच बघायला आलेलो असतो. मग पकडलेलं डुक्कर काठीला बांधून बापलेक नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रं. चित्रं भिंतीवर, डुक्कर खांद्यावर, दोन्ही एकाच चौकटीत, वर भाष्य काही नाही. आणि शेवटी चिडलेला जब्या दगड उचलून भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्यावर. कॅमेरा जिथे आहे तिथे कोण बसलंय, हे या दगडाने जितकं स्पष्ट सांगितलं तितकं आपल्या सिनेमाने क्वचित सांगितलं असेल.

पुरस्कार मिळालेल्या या सिनेमाचं कौतुक झालं, पण तो गावोगावच्या थिएटरांत ‘सैराट’सारखा धुमाकूळ घालू शकला नाही. दोन्हींचा विषय एकच आहे. दुसऱ्या वेळी त्याच माणसाने तेच सांगायला वेगळी भाषा वापरली, आणि ती भाषा प्रेक्षकाच्या आवडीची होती. याला तडजोड म्हणणारे आहेत. मी डाव म्हणेन.

आता दुसरं टोक. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, व्हेनिसच्या महोत्सवात 2014 मध्ये गौरवला गेलेला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. ही भूमिका वीरा साथीदार यांची. यात कॅमेरा बहुतेक हलत नाही. तो दूर उभा राहतो, सगळी खोली दाखवतो आणि कुणाकडे बघायचं ते आपल्यावर सोडतो. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हॉलिवूडच्या सिनेमांचे शॉट मोजले होते. 1930 ते 1960 च्या काळात एक शॉट सरासरी 8 ते 11 सेकंद टिकायचा, शतकाच्या अखेरीस तो 3 ते 6 सेकंदांवर आला. म्हणजे नजर कुठे ठेवायची हे प्रेक्षकाच्या वतीने आधीच ठरवून दिलं जातं, आणि तेही अधिकाधिक घाईने. ‘कोर्ट’ ती नजर परत करतो. न्यायाधीश जबानी सांगताहेत, टंकलेखक टाइप करतोय, पुढच्या तारखेची माणसं बाकावर ताटकळताहेत. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील कोर्टात एका माणसाला तुरुंगात धाडण्यासाठी युक्तिवाद करते आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. कॅमेरा दोन्ही ठिकाणी तसाच निर्विकार. शेवटाकडे सुट्टी लागते, शिपाई दिवे मालवतो आणि पडदा काळा होतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास पिशवी उचलतो. सिनेमा संपलेला नसतो. इथे गृहीत धरलेला प्रेक्षक कंटाळा सोसू शकणारा आहे, किंबहुना कोर्टातल्या कंटाळ्यालाच पुरावा मानणारा. असे प्रेक्षक थोडे असतात, ताम्हाणे यांना ते ठाऊक असणार.

बातम्यांच्या वेबसाइटवर कंटाळ्याला जागाच नाही. तिथला वाचक उभा आहे, लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पडदा वर सरकवतो आहे, असं धरून पान लावलेलं असतं. म्हणून चित्र चेहऱ्याचं, तेही अगदी जवळून. लाल वर्तुळ, बाण, आणि अर्ध्यावर तोडलेला मथळा. एकाच घटनेचे दहा फोटो दहा क्लिकमध्ये वाटलेले, कारण प्रत्येक क्लिकवर नवी जाहिरात चढते. वाचकाला हे कळत नाही असं नाही. तो वैतागतो आणि दाबतो.

याच पडद्यावर दुसरा अंदाजही बांधता येतो. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने पानाचे रंग विभागांनुसार वाटले आहेत : बातमी लाल, मत नारिंगी, खेळ निळा. मत वाचत असताना आपण बातमी वाचतोय असं वाटू नये, एवढाच हेतू. त्यांनी 2019 मध्ये आणखी एक गोष्ट ठळक केली. जुना लेख कुणी समाजमाध्यमांवर टाकला, तर त्याच्या चित्रावरच तो कोणत्या वर्षाचा आहे ते दिसू लागलं. जुनी बातमी आजची म्हणून फिरवणारे लोक असतात आणि त्यांच्याकडून फसणारे त्याहून जास्त असतात, हे त्या संपादकांनी मान्य केलं. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या पुरांचे व्हिडिओ नव्याने फिरतात, तेव्हा वर्षाचा असा एक शिक्का किती कामाचा ठरेल ते कुणालाही समजेल.

आणि इथे ‘सैराट’ पुन्हा भेटतो. सिनेमा येऊन गेल्यावर, जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांच्या खुनांच्या मराठी बातम्यांच्या मथळ्यांत त्याचं नाव सर्रास येऊ लागलं. मथळा लिहिणाऱ्याची सोय उघड आहे. त्या एका नावाने वाचकाच्या डोळ्यांपुढे आर्ची-परशा उभे राहतात, खून झालेल्यांची ओळख करून देण्याचे कष्ट वाचतात. पण सिनेमाने तो शेवट सांगायला जवळजवळ तीन तास घेतले होते, आवाज काढून घेतला होता, खून झाला तो क्षणही दाखवला नव्हता. मथळा ते सगळं एका नावात गुंडाळतो आणि खाली पुढची बातमी सरकवतो. ज्या दोघांचा जीव गेला ते कुणाची तरी नक्कल असल्यासारखे वाटू लागतात. माझ्या मते वार्ताहराने अशा बातमीत त्या सिनेमाचं नाव घेऊच नये.

पुढच्या भागात बातमीतल्या छायाचित्रांकडे वळू. ‘प्रतीकात्मक छायाचित्र’ अशी बारीक अक्षरं खाली असलेले फोटो कुठून येतात, कोण निवडतं, आणि आत्महत्येच्या, बलात्काराच्या, अपघाताच्या बातमीवर तेच ते चेहरे झाकणारे हात आणि तेच ते दोर पुन्हा पुन्हा का दिसतात, ते पाहू. तोवर या आठवड्यात दिसलेले असे फोटो बाजूला काढून ठेवा.