डोळ्यातील यंत्र आणि त्याची जबाबदारी

मेडशीत म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की आपण ‘मोतीबिंदू पिकला’ म्हणतो, आणि बहुधा ते खरेही असते. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी परत येते. असे भिंग १९४९ साली लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी प्रथम बसवले. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ते स्वस्तात बनवले. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांच्या शिबिरांनी ही शस्त्रक्रिया गोरगरिबांच्या दारी आणली.

दुसरा आजार मात्र भिंगाचा नव्हे, डोळ्यामागील पडद्याचा. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षर, चेहरा, सुईचे नेढे आपण त्याच्याच बळावर पाहतो. उतारवयात काहींच्या तेथील प्रकाश टिपणाऱ्या पेशी झिजून मरतात. कडेचे दिसते, मधले पुसले जाते. माणूस वाट चालतो, पण नातवाचा चेहरा ओळखीत नाही. येथे साधे भिंग बदलून भागत नाही.

परंतु त्या पेशी गेल्या, तरी मेंदूकडे संदेश नेणारी पुढची साखळी बरीचशी शाबूत राहते. तिलाच जागे करण्याची युक्ती स्टॅनफर्डचे डॅनिएल पॅलँकर यांनी काढली. ‘प्रिमा’ नावाची ही चकती दोन मिलिमीटर लांबरुंद असून तिच्यावर ३७८ ठिपके आहेत. ती पडद्याखाली बसवतात. चष्मा कॅमेऱ्याने टिपलेले समोरचे चित्र अदृश्य अवरक्त किरणांनी तिच्यावर टाकतो. सौरपंपाच्या पाट्यांप्रमाणे प्रत्येक ठिपका त्या प्रकाशाची वीज करतो. युरोपातील चाचणीत वर्षाअखेर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. चित्र काळेपांढरेच दिसते आणि महिनोन्महिने सराव करावा लागतो. तरी गेलेले अक्षर परत येणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांचा प्रश्न असा : हे यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार? पडद्याच्या वेगळ्या आजारासाठी ‘आर्गस टू’ नावाचे यंत्र जगभर साडेतीनशेहून अधिक लोकांना बसवले होते. २०१९ साली कंपनीने ते बनवणे थांबवले आणि पुढे रुग्णांना दुरुस्तीही मिळेना. ‘प्रिमा’ करणारी फ्रेंच कंपनीही बुडाली. २०२४ साली तिचे काम एका अमेरिकन कंपनीने विकत घेतले. गिरणी बंद पडली तर कामगार दुसरे दार ठोठावतो. डोळ्यातील यंत्र घेऊन रुग्णाने कोणाचे दार ठोठवावे? म्हणून अशा यंत्राच्या किमतीइतकीच त्याच्या जन्मभराच्या देखभालीची हमी कायद्याने मागितली पाहिजे.

तोवर आपल्या हाती आहे ते करू. विडी-सिगारेटने या आजाराचा धोका वाढतो, ती सोडावी. एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. ती वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. आजार रक्तवाहिन्या गळण्याच्या प्रकारचा असेल, तर वेळीच घेतलेल्या इंजेक्शनांनी दृष्टी पुष्कळदा राखता येते. ‘वयाने होते’ म्हणून घरी बसू नये.