जुनी मोटार आणि विहिरीचें पाणी

शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडीच्या बरोबरीनें मोटार, जीप अथवा ट्रॅक्टर उभा दिसणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. त्यांतही कित्येकांच्या घरीं वडिलांच्या वेळची गाडी अद्याप चालती आहे. मुंबईस १९४७ सालीं जीपगाड्या जुळविण्यास आरंभ झाला. ॲम्बॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं बंद पडलें. या दोन्ही जातींच्या जुन्या गाड्या अजून कोठें कोठें राबतांना आढळतात. अशी गाडी पुष्कळदां झिजून नव्हे, तर तापून निकामी होते. आणि ज्या विहिरीनें आपला मळा पिकविला, त्याच विहिरीचें पाणी या तापण्यास बहुधा कारण असतें. या गोष्टीकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

इंजिनांत जळणाऱ्या तेलाची सर्व उष्णता चाकांपर्यंत पोहोंचत नाहीं. स्थूलमानानें तिचा एक तृतीयांश भाग कामीं येतो, तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला बहुतेक पाण्यास वाहून न्यावा लागतो. सिलिंडरांभोंवतीं फिरून तापलेलें पाणी वरच्या नळीनें रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें, व पंपाच्या योगें पुन्हां इंजिनांत जातें. हा फेरा मंदावला कीं इंजिनाचें हेड वांकडें होतें अथवा तडकतें. आणि त्या दुरुस्तीचा खर्च ऐकून कित्येक जण चांगली गाडी भंगारांत काढणें पत्करतात.

आपल्या काळ्या दगडाच्या प्रदेशांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें म्हणजे चुना वेगळा होऊन भांड्यास चिकटतो. न्हाणीघरांतील जुन्या बंबांत हात घालून पाहिल्यास जें पांढरें, खरखरीत पूट बोटांस लागतें, तेंच रेडिएटरांत व सिलिंडरांभोंवतीं बसतें. तांब्याच्या किंवा बिडाच्या मानानें या पुटांतून उष्णता फारच मंद जाते. बंबास त्यामुळें चार लाकडें अधिक लागतील, इतकेंच. इंजिनाचा मात्र घात होतो.

यांतील गोम अशी कीं, एकदां भरलेल्या पाण्यांतील चुना मोजकाच असतो. परंतु गळकी गाडी रोज तांब्याभर नवें पाणी पिते, व प्रत्येक तांब्याबरोबर नवा चुना आंत जातो. म्हणून गळती थांबविणें हा पहिला उपाय होय. गळतीवर हळदीची पूड टाकण्याची रीत ड्रायव्हर मंडळींत आहे. अडचणीच्या वेळीं गांव गांठण्यापुरती ती चालेल. पण जी हळद भोंक बुजविते, तीच बारीक नळ्याही बुजविते. घरीं येतांच रेडिएटर धुऊन डाख लावून घ्यावा.

पाणी कोणतें घालावें? पहिल्या दोनचार सरींनीं छप्पर धुऊन निघाल्यावर स्वच्छ भांड्यांत धरलेलें पावसाचें पाणी, किंवा बॅटरीसाठीं विकत मिळणारें शुद्ध पाणी. त्यांत गाडीस योग्य तें कूलंट डब्यावरील प्रमाणानें मिसळावें. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीति नाहीं, मग हा खर्च कशास, असें विचारणारे भेटतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, कूलंटानें पाणी उशिरां उकळतें, व त्यांतील द्रव्यें गंज धरूं देत नाहींत. हीं द्रव्यें कालांतरानें संपतात, म्हणून सुमारें दोन वर्षांनीं तें बदलावें. मात्र कूलंटांतील ग्लायकॉल गोड चवीचें पण जहाल विष आहे. काढलेलें पाणी अंगणांत, गोठ्याजवळ किंवा ओढ्यांत ओतूं नये. गुरें, कुत्रीं व लहान मुलें यांच्यापासून तें दूर ठेवावें.

जुनें पाणी काढतांना इंजिन पुरतें निवलेलें असावें. रेडिएटरच्या व इंजिनाच्या अशा दोन्ही तोट्या उघडाव्या. एकच उघडल्यास गाळ आंत राहतो. नंतर नेहमींच्या प्रवाहाच्या उलट दिशेनें स्वच्छ पाणी सोडून, तें नितळ येईपर्यंत धुवावें. पूट जाड असल्यास रेडिएटर कारागिराकडून उघडून नळ्या साफ करवाव्या. बाहेरील पापुद्र्यांत धूळ, भूस व किडे अडकतात. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा रेडिएटर रोज पाहावा, व पंख्याच्या बाजूनें बाहेर अशी हलकी धार मारावी. जोराच्या धारेनें पापुद्रे वांकतात.

पंख्याचा पट्टा बोटानें दाबला असतां सुमारें अर्धा इंच लवावा. तो सैल असल्यास पंपही घसरतो. रबरी नळ्या थंड असतांना दाबून पाहाव्या. चिरा पडलेली, फुगलेली वा लिबलिबीत झालेली नळी तत्काळ बदलावी. थर्मोस्टॅट ही लहानशी झडप, गाडी तापते म्हणून काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आम्हांस मान्य नाहीं. ती नसली तर इंजिन थंडच चालतें, तेल अधिक खातें व लवकर झिजतें. झडप दोऱ्यानें पाण्याच्या भांड्यांत टांगून तें तापवावें. उकळी फुटली तरी ती न उघडल्यास नवी बसवावी.

रेडिएटरच्या झांकणास आपण क्षुल्लक समजतों. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७२ मीटर उंच. तेथें उघडें पाणी ९५ सेल्शियसच्या सुमारास उकळतें. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारें झांकण असल्यास समुद्रसपाटीस तेंच पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. यावरून घाट चढतांना झांकणाचें रबर व कमान सुस्थितींत असणें किती अगत्याचें, हें ध्यानांत येईल. मात्र मूळच्याहून अधिक दाबाचें झांकण लावूं नये. जुना रेडिएटर तो ताण सोसत नाहीं.

एवढें करूनही गाडी तापली, तर ती बाजूस घेऊन बंद करावी. झांकण मुळींच उघडूं नये. दाबाखालचें पाणी क्षणांत वाफ होऊन तोंडावर उसळतें, व त्यानें माणसें जन्माचीं विद्रूप झालीं आहेत. निदान अर्धा तास थांबावें. वरची नळी हातास सोसवेल इतकी निवल्यावर जाड फडकें धरून झांकण सावकाश सैल करावें. तापल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतल्यास बीड तडकतें. इंजिनांतील तेल दुधाळ झाल्यास पाणी आंत झिरपत आहे असें समजून गाडी पुढें हांकूं नये.

खंडेनवमीस आपण गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतों. त्याच सकाळीं, इंजिन थंड असतांना, झांकण काढून आंत बोट फिरवावें. बोटास पांढरें पूट वा तांबडा गंज लागला, तर दुसऱ्याच दिवशीं पाणी बदलण्याचें काम हातीं घ्यावें. तेव्हां धरलेलें पावसाचें पाणीही घरांत असतें, व रब्बीचा हंगाम तोंडावर असतो. या कामास अर्धा दिवस पुरतो, आणि ऐन सुगींत गाडी दारांत पडून राहण्याचा प्रसंग टळतो.