बायकांचा पक्षाघात वेगळा का ठरतो?

आज आपण पक्षाघाताबद्दल, म्हणजे ब्रेन स्ट्रोकबद्दल बोलणार आहोत. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. हे स्त्री-पुरुष दोघांत सारखंच घडतं. मग परिणाम वेगळे का दिसतात?

मध्यम वयात हा आजार पुरुषांमध्ये जास्त दिसतो. उतारवयात मात्र चित्र बदलतं. बायका जास्त जगतात, त्यांना झटका बहुधा उशिरा येतो आणि त्यानंतर अपंगत्वही जास्त राहतं. यामागे वय आहे, एकटेपण आहे, आणि संप्रेरकंसुद्धा आहेत.

त्यातलं मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेन. पाळी सुरू असते त्या वर्षांत ते रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतं. प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवून पाहिला, तेव्हा तरुण माद्यांच्या मेंदूचं नुकसान नरांपेक्षा कमी झालं. माद्यांचे बीजांडकोश काढले तर हा फायदा गेला. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर तो बराचसा परत आला.

मग पाळी गेल्यावर गोळ्या द्याव्यात, झालं! असं अनेक डॉक्टरांनाही वाटत होतं. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांवर हे तपासलं गेलं. काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची गोळी दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २००२ मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. दर १० हजार स्त्रियांमागे वर्षाला औषध न घेणाऱ्यांत २१ जणींना पक्षाघात झाला, तर घेणाऱ्यांत २९ जणींना. म्हणजे गोळीने धोका कमी झाला नाही, उलट वाढला.

असं का झालं? एक कारण म्हणजे पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. दुसरं कारण वेळेचं असावं, असं अनेक संशोधक मानतात. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की वाहिन्या कडक झालेल्या असतात. त्यांच्यावर तेच संप्रेरक वेगळं वागतं. शेत वाळून गेल्यावर पाणी सोडून पीक उभं राहत नाही, तसंच हे.

यातून आपण काय घ्यायचं? अंगातून वाफा येण्याचा त्रास फार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरकं घेता येतात, पण पक्षाघात टाळण्यासाठी म्हणून ती घेऊ नयेत. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल किंवा बीजांडकोश काढले असतील, तर धोका जास्त असतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे गर्भाशयाची शस्त्रक्रिया पुष्कळदा कमी वयात होते. त्याआधी विचारा, "बीजांडकोश ठेवणार का?" ज्यांना डोळ्यांसमोर चमक दिसून मायग्रेन होतो, ज्या धूम्रपान करतात किंवा ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, त्यांनी पुढेही तो नियमित तपासावा.

शेवटची गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं ही ठळक लक्षणं. बायकांमध्ये यांच्यासोबत गोंधळल्यासारखं होणं किंवा एकदम गळून जाणंही दिसतं, आणि "दमली असेल, झोपू दे" असं म्हणून घरचे वाट पाहतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास झोपेत जातात. आईला, आजीला, सासूबाईंना असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.