मार्सेय: आठ तासांत भेटलेला आपला किनारा

शाळेच्या पुस्तकात ते ‘मार्सेलिस’ होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदर भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलेल्या पनवेलकराच्या वाट्याला एकच दिवस येतं: सकाळी उतरायचं, संध्याकाळी जहाजावर परत. फोटो कुठे काढावा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला सांगायच्यात त्या गोष्टी, ज्या ठाऊक असल्या की त्या धक्क्यावर परकं वाटत नाही.

आधी वयाचं बोलू. आपल्या पनवेलची नगरपालिका १८५२ साली झाली, म्हणून आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगायलाच हवं. मार्सेय ग्रीक खलाशांनी वसवलं ते इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास. शहराचं सगळं जिणं अजून त्याच जुन्या बंदराभोवती फिरतं. पनवेलही बंदरच होतं की! बोरघाट उतरून आलेला पुण्याचा माणूस इथूनच होडीत बसून मुंबई गाठायचा. पुढे घाटातून रेल्वे आली आणि ती वाट मागे पडली. मार्सेयची वाट मात्र चालूच राहिली.

क्रूझचं जहाज जुन्या बंदरात लागत नाही, बरंच लांब थांबतं. तेव्हा उतरल्या उतरल्या वेळ न घालवता मासळीबाजार गाठा, कारण तो सकाळचाच. बंदराच्या काठावर, होड्यांना खेटून टेबलं मांडलेली. उथळ ट्रेमध्ये मासे अजून तडफडत असतात, पाणी उडून गिऱ्हाइकाच्या बुटांवर येतं. त्यात एक लालभडक, डोक्यावर काटे असलेला, तोंड वासलेला मासा दिसेल: रास्कास. दिसायला भयंकर, पण इथल्या प्रसिद्ध ‘बुयाबेस’चा जीव त्याच्यात. विकून उरलेली, काट्याकुट्याची मासळी कोळ्यांनी एकाच भांड्यात उकळली, तिथून हा पदार्थ सुरू झाला. केशर आणि बडीशेप पडते. आधी रस्सा पावाबरोबर, मग मासे वेगळ्या ताटात. उरण नाक्यावरून वाटा घेऊन घरी कालवण करणाऱ्याला यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. हॉटेलात मात्र आता त्याचे दाम भारी.

आता मार्सेयला येऊन गेलेल्या, आपल्याकडच्या एका गेंड्याची गोष्ट. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीजांनी १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून लिस्बनला धाडला. जर्मन चित्रकार ड्युररने ज्याचं जगप्रसिद्ध चित्र कोरलं तो हाच, आणि तेही प्रत्यक्ष न पाहता! पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला भेट म्हणून पाठवला. वाटेत १५१६ च्या सुरुवातीला मार्सेयसमोरच्या बेटावर जहाज थांबलं आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस खास त्याला बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळीने जखडलेलं ते मुकं जनावर त्याच्याबरोबरच गेलं. त्या बेटावर नंतर ‘शातो दीफ’ किल्ला झाला, ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ कादंबरीतला तुरुंग तोच.

मार्सेयचा माणूस गोष्ट फुगवून सांगतो, अशी त्याची ख्याती. ‘एका सार्डिन माशाने आमचं बंदर अडवलं’ ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. पण ती खोटी नाही, एक अक्षर इकडचं तिकडे झालंय इतकंच. १७८० मध्ये बंदराच्या तोंडाशी जे बुडालं ते ‘सार्तीन’ नावाचं जहाज होतं. त्यावर होते पाँडिचेरीत इंग्रजांच्या हाती सापडून मग सुटलेले फ्रेंच.

‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत मार्सेयमध्ये लिहिलंच गेलं नाही! १७९२ साली ते लिहिलं गेलं स्ट्रासबुर्गला. मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पॅरिसमध्ये शिरले आणि नाव त्यांच्या शहराचं लागलं.

मार्सेयचा प्रसिद्ध साबण घ्यायचा तर चौकोनी ठोकळा घ्या, अंगावर ‘७२ टक्के तेल’ असा ठसा असलेला. हिरवट असेल तर ऑलिव्हचा. तो हातात घेतला की पनवेलकराला आपले शनवार तेली आठवावेत. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल, ज्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून पनवेलमध्ये उभं आहे.

टेकडीवरच्या ‘नोत्र दाम द ला गार्द’ चर्चवर मेरीचा सोन्याने मढवलेला पुतळा आहे, सुमारे ११ मीटर उंच. आत गेलात तर मान वर करा: छताखाली छोट्या छोट्या होड्या टांगल्यात. समुद्रातून सुखरूप परत आलेल्यांनी फेडलेले हे नवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळीवाड्याला हे लगेच उमगेल.

आणि मग थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून नुसतं उभं राहा. ८ जुलै १९१०. ‘मोरिया’ बोट इथे थांबली होती. तिच्यावर कैदी म्हणून नेले जाणारे २७ वर्षांचे विनायक दामोदर सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून अंग चोळत बाहेर पडले, पाण्यात झेपावले, पोहत धक्क्याला लागले आणि फ्रान्सच्या जमिनीवर धावत सुटले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि बोटीवरच्या पहाऱ्याच्या स्वाधीन केलं. या सोपवण्यावरून फ्रान्स आणि इंग्लंडमधला वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात म्हटलं, सोपवण्यात नियमभंग झाला खरा, पण इंग्लंडने कैदी परत देण्याची गरज नाही. धक्क्यावरच्या त्या काही मिनिटांचा विचार मनात आला की माझ्या छातीत अजूनही धडधडतं.

‘मोरिया’ पुढे एडनला गेली. तिथे सावरकरांना मुंबईच्या बोटीवर चढवलं. तिचं नाव ‘सॅलसेट’, म्हणजे आपली साष्टी!

त्याच एडनमधल्या तुरुंगात २७ वर्षं आधी आणखी एका कैद्याने कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळ काढला होता. तोही पकडला गेला, त्याने अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच देह ठेवला. वासुदेव बळवंत फडके. गाव शिरढोण, पनवेलच्या अगदी शेजारचं. त्यांचा वाडा तिथे आहे. मार्सेयहून परत आलात की एखाद्या सकाळी जाऊन या, पनवेलहून पेणकडे जाणारा रस्ता शिरढोणवरूनच जातो.