रंग नवा, वय तेच

"काका, बाबांची आरएक्स-१०० आठवते ना? उभी केली. बोअर, पिस्टन, रंग, क्रोम, सगळं नवं. आता फक्त व्हिंटेज नंबर काढायचा राहिलाय."

नोएडातला ओळखीचा मुलगा मोबाइलवर फोटो दाखवत होता. गाडी खरंच देखणी झाली होती. काळ्या टाकीत पार्किंगमधली ट्यूबलाइट लख्ख उमटलेली. मी विचारलं, "आरसीवर पहिली नोंदणी कधीची आहे?" "८८ची. म्हणजे जुनीच की!" साठ हजार रुपये आणि सात महिन्यांचे रविवार खर्ची घातलेल्या माणसाला खरं काय ते सांगायचं अगदी जिवावर आलं होतं.

तो एकटा असता तर हा लेख लिहिला नसता. करोल बागेत नाईवालाच्या गल्लीत पार्ट शोधताना, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, जिथे जावं तिथे हेच वाक्य कानावर येतं: "जुनी गाडी नीट रिस्टोअर केली की व्हिंटेज होते, आणि व्हिंटेज झाली की दिल्लीत चालते." एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत. शांतपणे एकेक घेतो. शांतपणा शेवटपर्यंत टिकेल याची हमी नाही.

"जुनी म्हणजेच व्हिंटेज."

नाही. व्हिंटेज हा आपल्याकडे आता कौतुकाचा शब्द राहिलेला नाही, कायद्याचा झाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ला मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून त्याची व्याख्या दिली. दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त वयाची. पंधरा नव्हे, पंचवीस नव्हे, पन्नास. मोजायचं तेही पहिल्या नोंदणीपासून, तुमच्या आठवणीपासून नाही. मैसूरची आयडियल जावा १९६१मध्ये सुरू झाली. त्या दशकातली जावा या व्याख्येत बसते. फरिदाबादची सुरुवातीची राजदूत बसते. ८८ची आरएक्स-१०० बसायला २०३८ उजाडावं लागेल. 'बॉबी'मुळे गाजलेली ती छोटी राजदूत? सिनेमा १९७३चा, पण त्याचा इथे उपयोग नाही. तुमच्या आरसीवरची तारीख बघा.

आता गाडीचं काम घरी करणाऱ्यांनी नीट वाचावी अशी अट. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे मागची चासी कापून 'कॅफे रेसर' केली, किंवा मूळ इंजिन मिळेना म्हणून दुसऱ्या मॉडेलचं बसवलं, तर गाडी साठ वर्षांची असूनही अर्ज अडू शकतो. लोक व्हिंटेज नंबरच्या आशेने गाडीवर असं काम करून घेतात, ज्याने तो नंबरच हातचा जातो. याला काय म्हणावं?

आता बजेटचंही सांगतो: व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. कमी खर्चात गाडी उभी करायला निघालेल्या माणसाच्या वहीत हा आकडा पहिल्या पानावर हवा. तो सहसा वहीत नसतोच.

"व्हिंटेज नंबर मिळाला की बिनधास्त फिरा."

'व्हीए' अक्षरांचा तो नंबर मिळाला तरी रोज ऑफिसला जायला गाडी काढता येत नाही. त्याच नियमांत लिहिलंय: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल भरणं व दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्ता. नेहमीचा वापर नाही, धंद्याचा वापर तर नाहीच. दिल्लीत 'द स्टेट्समन'ची जुन्या गाड्यांची रॅली १९६४पासून चालत आली आहे. अशा दिवशी गाडी सन्मानाने बाहेर काढा. सोमवारी मेट्रो पकडा.

"नव्यासारखी केली, पीयूसीही निघाली, मग अडचण काय?"

इथे माझा शांतपणा संपतो, कारण हे वाक्य शिकलेली माणसं म्हणतात.

दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली (एनसीआर) जुन्या गाड्यांवरची बंदी गाडीच्या तब्येतीवर ठरलेली नाही, वयावर ठरली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये १५ वर्षांवरच्या गाड्यांना आणि २०१५मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना इथल्या रस्त्यांवर मज्जाव केला. २९ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. वयावर बंदी घालणं न्याय्य आहे का, यावर खुशाल वाद घाला, मीही घालतो. पण रंग, क्रोम आणि नव्या पिस्टनने आरसीवरची तारीख पुढे सरकत नाही.

पीयूसीचं म्हणाल तर ती चाचणी इंजिन जागेवर मंद चालू असताना होते आणि पेट्रोल दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. शिवाय फूटपट्टी गाडीच्या जन्मसालाप्रमाणे बदलते. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या गाड्यांना त्याहून कमी. म्हणजे तुमची गाडी पास झाली ती तिच्या काळच्या सैल मापाने. टू-स्ट्रोक इंजिनात तर पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. तो रचनेचाच दोष आहे. सर्वांत चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही तो जात नाही.

मग हमखास पुढचं वाक्य येतं: "पण कोर्टाने सूट दिली ना!" अर्धी बातमी वाचली की असं होतं. १२ ऑगस्ट २०२५ला न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असं म्हटलं होतं. १७ डिसेंबर २०२५ला तो आदेश बदलला. संरक्षण फक्त बीएस-४ (भारत स्टेज-४, धुराच्या मर्यादेचा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांना राहिलं. आता थोडं गणित. दुचाकींना बीएस-४ बंधनकारक झालं ते नव्या मॉडेलना एप्रिल २०१६पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१७पासून. त्यांना १५ वर्षं व्हायला २०३० उलटेल. मोटारींना मात्र दिल्लीत २०१०लाच बीएस-४ लागू झालं होतं, म्हणून ही सूट त्यांच्या कामाची. आज १५ वर्षं ओलांडलेली मोटारसायकल बीएस-३ किंवा त्याहून जुनीच असणार. रिस्टोअर करण्याजोग्या एकाही दुचाकीला या सवलतीचा फायदा नाही.

"मग गुरुग्रामला काकांकडे ठेवतो." गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद तर झालेच, पानिपत, मेरठ, अलवर, भरतपूर हे जिल्हेसुद्धा एनसीआरमध्येच मोडतात. यात एक कडू विनोद आहे. राजदूत फरिदाबादेत बनली. हीरो होंडाची सीडी-१०० १९८५मध्ये धारूहेड्यात बनू लागली, तोही रेवाडी जिल्हा, म्हणजे एनसीआरच. जिथे या गाड्या जन्मल्या, त्याच रस्त्यांवर त्यांना आज मनाई आहे.

मग जुनी गाडी उभी करूच नये?

करा की! फक्त कशासाठी करताय ते आधी ठरवा. तीन सरळ वाटा आहेत. गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर मूळ रूप जपा आणि व्हिंटेज नोंदणी करा. त्याहून लहान असेल आणि चालवायचीच असेल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घेऊन एनसीआरबाहेर, समजा सातारा किंवा नाशिकला घरच्यांकडे, नव्याने नोंदवा. पण आधी तिथल्या आरटीओत विचारा, कारण नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर तिथे भरावा लागेल. वीस वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५पासून २,००० रुपये झाली आहे. तिसरी वाट म्हणजे स्वतःच्या बंद गॅरेजमध्ये हौस म्हणून ठेवणं. सोसायटीच्या सामाईक पार्किंगला खासगी जागा समजू नका. मुदत संपलेल्या गाड्यांबाबतच्या दिल्लीच्या २०२४च्या नियमांत ते खासगी धरलं जात नाही.

वाट कुठलीही असो, पहिलं काम एकच आणि ते फुकटात होतं. पहिला नट सोडण्याआधी रॉकेलच्या फडक्याने हँडलखालच्या मानेवरचा चासी नंबर पुसा. त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आकडे पांढरे उमटतात. इंजिनावरच्या नंबरचंही तसंच. ही छाप आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुळली नाही तर गाडी घेऊ नका, घेतली असेल तर खर्च थांबवा. पुढे चासी पावडर कोटिंगला देताना त्या नंबरावर टेपचे तीन-चार थर चढवा. वाळूचा मारा गंज आणि नंबर यांत फरक करत नाही.

आता किरकोळ गैरसमज, झटपट:

"नंबर पुसट झाला तर मिस्त्री पुन्हा पंच करून देतो." तो गुन्हा आहे; आरटीओच्या परवानगीशिवाय नंबराला हात लावू नका.

"इंजिन बदललं तर कुणाला कळतंय?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येही स्पष्ट केलं आहे.

"आधी बोअर करून घ्या, पिस्टन मग आणू." उलट. आधी मोजमाप, मग पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन आणा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या. प्रत्यक्ष पिस्टनला बोअर जुळवायचा असतो.

"घट्ट बसवला की जास्त टिकतो." ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. घट्ट पिस्टन पहिल्याच लांब फेरीत जाम होतो.

"टाकीचा गंज संडास धुवायच्या ॲसिडने मिनिटात जातो." जातो, बरोबर पत्राही जातो. पांढऱ्या व्हिनेगरला दोन दिवस द्या, आत मूठभर नट टाकून हलवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवून तेल फिरवा. ओली ठेवलीत तर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

"पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त टाकलं की टू-स्ट्रोक इंजिन सुखी." ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि प्लग-सायलेन्सर काजळीने भरतात. आरएक्सला तर ऑइलचा वेगळा पंप आहे, टाकीत ऑइल ओतायचं कारणच नाही.

"बिनशिशाच्या पेट्रोलने जुनी इंजिनं खराब होतात." दिल्लीत शिसंयुक्त पेट्रोल १९९८मध्येच बंद झालं. शिवाय शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक जपायला उपयोगी पडायचं. टू-स्ट्रोकमध्ये तो व्हॉल्व्हच नसतो.

"ई-२० पेट्रोलने इंजिन फुटतं." फुटत नाही. पण इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला खातं. पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरची सीलं बदला, महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

"सायलेन्सरची जाळी काढली की ताकद वाढते." आवाज वाढतो. टू-स्ट्रोकची ओढ सायलेन्सरच्या आकारावर असते. तो बिघडवला की खालच्या वेगात गाडी मरते.

नोएडातल्या त्या मुलाला हे सगळं सांगून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग बोटांवर मोजून म्हणाला, "२०३८. तेव्हा मी बेचाळीसचा असेन." मी म्हटलं, त्याआधी नाशिकच्या मामांना फोन कर. फोन लागला. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या रंगाचा नव्हता. "एनओसी काढलीस का रे?"